जुळ्यातली कालवड: ठेवायच्या आधी मोजा

गाय जुळी व्याली, एक गोऱ्हा आणि एक कालवड, की जुन्नर-आंबेगावपासून दौंडपर्यंत कुठल्याही गोठ्यात पहिला प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, ही पुढं गाभण राहील का?" शंभरातल्या नव्वदहून जास्त कालवडींच्या बाबतीत उत्तर 'नाही' असंच असतं. तरी पुष्कळ जण तिला दोन-अडीच वर्षं खुराक घालतात. माज दिसत नाही म्हणून खनिज मिश्रण, मग इंजेक्शनं, मग योनीत बसवायचं प्रोजेस्टेरॉनचं उपकरण. ज्या बीजांडकोशानं या औषधांना दाद द्यायची, तोच नीट तयार झालेला नसतो. सगळा खर्च पाण्यात.

घोळ झालेला असतो गाभणकाळाच्या पहिल्या दोन महिन्यांत. दोन्ही गर्भांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जुळतात आणि दोघांचं रक्त एक होतं. गोऱ्ह्याच्या वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक साधारण चाळिसाव्या दिवसाच्या आसपास त्याचे वृषण घडवायला लागतं. त्यातल्या सर्टोली पेशी अँटी-म्युलेरियन हार्मोन, म्हणजे एएमएच सोडतात आणि लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन. नर असो की मादी, प्रत्येक गर्भात सुरुवातीला नळ्यांच्या दोन जोड्या असतात. म्युलेरियन जोडीतून गर्भनलिका, गर्भाशय, गर्भाशयमुख आणि योनीचा आतला भाग बनतो. वुल्फियन जोडीतून शुक्रवाहिनी वगैरे. एएमएचचं काम म्युलेरियन जोडी जिरवून टाकणं. गोऱ्ह्यात ते व्हायलाच हवं, पण सामाईक रक्तातून तेच हार्मोन बहिणीपर्यंत पोचतं आणि तिचं गर्भाशय दोरीसारखं बारीक राहतं किंवा बनतच नाही. बीजांडकोशही खुरटतो, कधी त्यात वृषणासारख्या नळ्या दिसतात.

निरणाकडचा (योनीच्या बाहेरच्या तोंडाकडचा) भाग मात्र वेगळ्या मुळापासून बनतो, म्हणून बाहेरून कालवड बहुतेक वेळा अगदी ठीक दिसते. निरणाच्या खालच्या टोकाला केसांचा झुपका, जरा मोठी दाणी (क्लिटोरिस), बारीक सड ही लक्षणं असली तर संशय घ्यावा. नसली म्हणून निर्धास्त होऊ नये.

फ्रँक लिली यांनी शिकागोत 1917 साली अशा वासरांवरूनच मांडलं, की गर्भातला नर रक्तातून काहीतरी सोडतो आणि मादीची घडण बिघडवतो. ते 'काहीतरी' एकच नाही, हे फ्रान्समध्ये आल्फ्रेड जोस्ट यांनी 1947 च्या सुमारास सशांच्या गर्भांवर दाखवलं. वृषण काढले तर नर गर्भातही मादीचे अवयव तयार होतात. नुसतं टेस्टोस्टेरॉन दिलं तर वुल्फियन नळ्या टिकतात, पण म्युलेरियन जात नाहीत. त्यांना घालवणारं दुसरं हार्मोन म्हणजे हेच एएमएच. पुण्यातल्या वंध्यत्व केंद्रांत स्त्रियांची बीजांडं किती शिल्लक आहेत याचा अंदाज घ्यायला जी एएमएच तपासणी लिहून देतात, त्यातलं हार्मोनही हेच.

योनीचा आतला भाग बनलेला नसल्यामुळं मोजमाप सोपं आहे. वासरू महिन्याच्या आतलं असावं. बोथट, गोल टोकाची, बोटापेक्षा बारीक प्लास्टिकची नळी निर्जंतुक करून, जेली लावून हलकेच आत सारायची. अडली की थांबायचं, जोर अजिबात नाही. चांगल्या कालवडीत ती 12 ते 15 सेंटिमीटर जाते, वांझ कालवडीत 5 ते 8 वरच अडते. चूक होते ती घाईत. वासरू कण्हत-कुंथत असेल, नळी खाली मूत्रमार्गाच्या तोंडाशी टेकली असेल किंवा आतला पडदा जाड असेल, तर चांगली कालवडही 'आखूड' ठरते. पहिल्यांदा जनावरांच्या डॉक्टरकडूनच करून घ्या. आकडा मधला आला तर रक्त तपासणीला पाठवा.

रक्तच, केस नव्हे. भावाच्या रक्त बनवणाऱ्या पेशी तिच्या अंगात जन्मभर मुक्काम ठोकतात, त्यामुळं तिच्या रक्तात एक्सएक्स (मादीच्या) आणि एक्सवाय (नराच्या) दोन्ही पेशी मिळतात. केसांच्या मुळांत त्या बहुधा नसतात आणि अहवाल बिनधास्त 'मादी' म्हणून येतो. पीसीआरसाठी, म्हणजे रक्तात वाय गुणसूत्राचा डीएनए शोधायच्या चाचणीसाठी, ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) जांभळ्या टोपणाची बाटली चालते. गुणसूत्रं मोजायची असतील तर हेपॅरिनची हिरवी लागते, कारण तिथं पेशी जिवंत ठेवून वाढवायच्या असतात. नमुना थंड ठेवा, गोठवू नका, आणि लवकर पोचवा. मोठी कालवड असेल तर गुदमार्गातून हात घालून गर्भाशयमुख लागतं का ते बघितलं तरी पुष्कळ कळतं.

दोन्ही कालवडी असतील तर ही भानगड नाही. जुळ्यातल्या गोऱ्ह्याच्या अंगावर काही दिसत नाही, पण वळू म्हणून तो ठेवू नये असं माझं मत आहे. शेळ्यांत जुळी नेहमीचीच, पण वारेच्या रक्तवाहिन्या क्वचितच जुळतात, म्हणून तिथं ही काळजी फारशी नाही. तिथला त्रास वेगळा: सानेनसारख्या जातींत बिनशिंगी बोकड बिनशिंगी शेळीला लावला, तर काही माद्या उभयलिंगी निपजतात. जोडीतलं एक तरी शिंगाचं असावं.

परदेशात अशी कालवड सरळ मांसासाठी वाढवतात. महाराष्ट्रात तो रस्ता कायद्यानं बंद आहे, म्हणून ती गुपचूप बाजारात 'पहिलारू होईल' म्हणून विकली जाते. विकत घेणाऱ्यानं कानातल्या टॅगच्या बारा आकडी नंबरावरून वेताची नोंद मागावी. नोंद नसेल तर सौदा व्हायच्या आधी तपासून घ्यावी. आणि 'एकटीच जन्मली' यावर भरवसा ठेवू नये: रक्त एक झाल्यावर जुळा भाऊ पोटातच जिरून गेला असेल, तर एकट्या जन्मलेल्या कालवडीतही हाच दोष निघतो.