फाटा कुणी सांगावा?

सायकलीसाठी नकाशावर मार्ग आखणे ही करमणूक आहे; त्याच मार्गाच्या वळणावळणाच्या सूचना तयार करणे हे मात्र काम आहे. आर्वीहून वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपूरकडे, मोठा रस्ता टाळून, खेड्यांमधून जाणारी रेषा घरबसल्या सहज ओढता येते. तिची फाईल बहुधा जीपीएक्स असते, आणि २००२ साली आलेल्या या स्वरूपातला ‘ट्रॅक’ म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या बिंदूंची लांबलचक रांग. त्यातला कोणता बिंदू कपाशीच्या वावराशेजारी आहे आणि कोणत्या ठिकाणी रस्त्याला फाटा फुटतो, याचा त्या रांगेला पत्ता नसतो.

म्हणून प्रोग्राम आधी ही रेषा रस्त्यांच्या नकाशावर, उदाहरणार्थ २००४ पासून स्वयंसेवकांनी भरत आणलेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर, नेऊन बसवतो आणि प्रत्येक फाट्यावर येण्याची व जाण्याची दिशा यांच्यातला कोन मोजतो. कोन किरकोळ असेल तर ‘सरळ’, काटकोनाच्या आसपास असेल तर ‘डावीकडे’ किंवा ‘उजवीकडे’. रस्ता कितीही वळला तरी तिथे फाटा नसेल तर प्रोग्राम गप्प बसतो, आणि ते योग्यच आहे. जिथे दुसरी वाटच नाही, तिथे काय सांगायचे?

अडचण अशी, की आपल्याकडच्या कितीतरी पांदणी, म्हणजे वावरांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटा, त्या नकाशात नसतात. समजा, डांबरी रस्ता डावीकडे झुकतो आणि नेमकी त्याच जागी बंडीच्या चाकोऱ्या उमटलेली एक पांदण नाकासमोर सरळ निघते. जमिनीवर हा फाटा आहे, नकाशात ती केवळ एक वाकण आहे. त्यामुळे जिथे सायकलस्वार हमखास थबकणार, तिथेच यंत्राला बोलायचे कारण सापडत नाही. उलट, कधीकाळी कुणी नकाशात टिपलेली आणि आता नांगरून धुऱ्याला, म्हणजे बांधाला, मिळालेली वाट मात्र ते फाटा म्हणून मोजते आणि विनाकारण ‘सरळ जा’ असे बजावते. पारावर बसलेला माणूस असे कधी करत नाही. तो न घ्यायची वाट आधी सांगतो: “डांबरी सोडू नोका भाऊ, पांदण धरसान तं थेट वावरात निंघसान.” पावसाळ्यात काळ्या मातीची पांदण धरणाऱ्याची चाके मडगार्डपर्यंत चिखलाने भरतात, हे त्याला ठाऊक असते.

यावर उपाय हाताने सूचना भरण्याचा. टीसीएक्स या दुसऱ्या फाईल-स्वरूपात मार्गावर सूचनांचे असे बिंदू ठेवता येतात, पण बिंदूच्या नावाला १० अक्षरचिन्हांची मर्यादा आहे आणि आपल्या लिपीत काना, मात्रा, अनुस्वार प्रत्येकी वेगळे मोजले जातात. ‘पिंपळफाटा’ ९ चिन्हांत बसतो. ‘महादेव देऊळ’ मधल्या जागेसकट ११ होते आणि देव बाहेर राहतो. लांब मजकुरासाठी टिपेची वेगळी जागा आहे, पण उन्हात इवल्याशा पडद्यावर ती वाचणार कोण? त्यापेक्षा ‘पांदण नको’ बरे. तेही मोजून ९ आहे.

सूचना किती आधी यावी, हाही विचार करावा लागतो. ताशी २० किलोमीटर वेगाने १०० मीटर जायला १८ सेकंद लागतात. मोटारीच्या हिशेबाने अर्धा किलोमीटर आधी ‘डावीकडे वळा’ ऐकले, तर मधल्या दीड मिनिटात संत्र्याच्या बागेत शिरणारी एखादी वाटही आपलीच वाटू लागते.

याच कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाते, आणि तिचा मार्ग वळणांनी न सांगता मुक्कामाच्या गावांनी सांगितला जातो. सायकलस्वाराला ती चैन नाही, कारण त्याच्यापुढे दिंडी चाललेली नसते. तरीही टीसीएक्समध्ये डावे, उजवे, सरळ यांच्या जोडीला ‘पाणी’, ‘अन्न’ आणि ‘धोका’ असेही बिंदू ठेवण्याची सोय कुणीतरी केली आहे, हे मला फार शहाणपणाचे वाटते. मे महिन्यात या भागातून जायचे असेल तर मी आधी पाण्याचे बिंदू भरीन, मग पांदणींचे. आणि काटकोनातली वळणे यंत्रावर खुशाल सोडून देईन.