वीतभर तांबं

पहिला सेल्फ मारला तेव्हा इंजिन जेमतेम एक फेरा फिरलं आणि जड पोतं उचलताना माणूस कण्हतो तसा आवाज काढून थांबलं. दुसऱ्या वेळी तेवढंही फिरलं नाही. तिसऱ्यांदा दांडी ओढली आणि बोनेटपाशी उभा असलेला माझ्या हाताखालचा मुलगा ओरडला, "दादा, सोडा! धूर!" मी दांडी सोडेपर्यंत त्याने बॅटरीचा कटऑफ फिरवलाही होता.

धूर रेसच्या केबलमधून येत होता. फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याजवळ, तिचं प्लास्टिकचं आवरण वितळून खाली ठिबकलं होतं, आतली पोलादी तार तापून निळी पडली होती. रेसची केबल पायाने ओढायची असते. तिचा विजेशी काही संबंध नसतो. ती तापली याचा अर्थ एकच, आणि तो माझ्या लक्षात आला तेव्हा पोटात गोळा आला. जुन्या गाडीत आधुनिक इंजिन बसवायचं पाच महिन्यांचं काम होतं ते. गाडीचे मालक काका अकरा वाजता येणार होते आणि घड्याळात साडेनऊ झाले होते.

गाडी मॉरिस मायनर १०००, ९४८ सीसीची. १९४८ साली बाजारात आलेल्या, ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेल्या मायनरचीच ही पुढची आवृत्ती. काकांच्या वडिलांनी घेतलेली, काका तिच्यातच गाडी शिकलेले. मूळ इंजिन ए-सिरीजचं, ३७ हॉर्सपॉवरचं. हे इंजिन दुरुस्त होण्यासारखं असतं तर मी दुसऱ्या कशाला हात लावला नसता. ए-सिरीज १९५१ पासून २००० पर्यंत बनत होतं, त्याचे सुटे भाग आजही मिळतात. पण या गाडीचा ब्लॉक दोन सिलिंडरच्या मधोमध तडकला होता आणि क्रँक आधीच इतक्या वेळा घासून घेतलेला होता की आणखी घासायला धातूच उरला नव्हता. चांगला ब्लॉक, नवा क्रँक, सगळं मशीनिंग असा हिशोब मांडला तेव्हा काका बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढे नाही रे जमणार. पण ती उभी राहून गंजलेलीही नाही बघवणार मला."

म्हणून आधुनिक इंजिन. सुझुकीच्या छोट्या फोर-बाय-फोरमधलं, १२९८ सीसीचं, १६ व्हॉल्व्हचं, इंजेक्शनवालं जी१३बीबी. मागून अपघात झालेली एक अख्खी गाडीच आम्ही घेतली. कमी पैशांत हे काम करायचं असेल तर माझा आग्रह यावरच असतो. इंजिन एकीकडून, गिअरबॉक्स दुसरीकडून, ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, तिसरीकडून असं गोळा करायला गेलं की स्वस्तात मिळालेलं सगळं शेवटी महाग पडतं. अख्ख्या गाडीतून ईसीएम येतो, पूर्ण वायरिंग येतं, त्या ईसीएमने ओळखलेली चिपवाली किल्ली येते, सगळे सेन्सर येतात आणि प्रत्येक नट-बोल्टही येतो. शिवाय या गाडीत ट्रान्सफर केस, म्हणजे चारही चाकांना ताकद वाटणारा डबा, गिअरबॉक्सपासून वेगळा असतो. तो बाजूला काढला की हातात राहतो लांबीला बसवलेल्या इंजिनाचा, मागच्या चाकांना चालणारा सरळ पाच गिअरचा बॉक्स. इंजिन ॲल्युमिनियमचं, जुन्या बिडाच्या इंजिनापेक्षा हलकं. ते बसवल्यावर गाडीचं नाक इतकं वर आलं की पुढचे टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या पोलादी कांड्या, पुन्हा लावून उंची बरोबर करावी लागली.

काकांची एकच अट होती. गाडीचा पत्रा कुठेही कापायचा नाही. मायनरमध्ये गिअरबॉक्सवरचं लोखंडी झाकण स्क्रूंनी बसवलेलं असतं, त्यामुळे निम्मं काम सोपं झालं. इंजिन टेकवायचे नवे फाउंडेशन जुन्याच भोकांत बसतील असे बनवले. कागदोपत्री परवानगी काकांनी काम सुरू व्हायच्या आधीच काढून आणली होती, आणि तेच बरोबर. गाडी तयार झाल्यावर कागद मागायला गेलेल्यांच्या गाड्या वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत.

खर्चाचं एक सांगतो, कारण या कामाबद्दल लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज तिथेच असतो. इंजिन हा या कामातला सर्वांत महाग भाग नसतो. आमच्या हिशोबात अपघातातली अख्खी गाडी एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा कमी होती. बाकीचे पैसे ब्रेक, गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट, पेट्रोलची लाइन, रेडिएटर आणि वायरिंग यांत गेले. ३७ हॉर्सपॉवरच्या जागी ऐंशीच्या घरातली ताकद येणार आणि पुढे ७ इंची ड्रम ब्रेक, तेही एकाच सर्किटचे. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चासीच्या आत दडलेला. तो काढताना टॉर्शन बार आडवा येतो. मी काकांना सांगितलं होतं की आधी पुढे डिस्क आणि दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर, मगच इंजिन. पैसे मध्येच संपले तर जुन्या इंजिनावर चांगले ब्रेक असलेली गाडी तरी राहील. उलट झालं तर मी ती गाडी गेटबाहेर सोडणार नाही.

प्रॉपेलर शाफ्ट लेथवर आखूड करून बॅलन्स करून घेतला. इंजिनाचा कल आणि मागच्या ॲक्सलच्या हौसिंगच्या तोंडाचा कल एकमेकांना समांतर यावेत, शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसवर, म्हणजे सांध्यांवर, ३ अंशांच्या आत कोन राहावा, यासाठी गिअरबॉक्सखालचं माउंटिंग मी चार वेळा काढून घातलं. पेट्रोलचंही तसंच. कार्ब्युरेटरला पाव बार दाब पुरतो, इंजेक्टरला अडीच-तीन बार लागतो. जुन्या रबरी नळीत तो दाब सोडणं म्हणजे आग लावायची तयारी करणं. सगळी लाइन नवी टाकली, टाकीकडे परतीची नळी टाकली आणि अपघात झाला तर पंप आपोआप बंद करणारा स्विच बसवला.

आणि मग वीज. ही गाडी जन्माने पॉझिटिव्ह अर्थची. तिच्या काळात बऱ्याच गाड्यांत बॅटरीचा धन टोक बॉडीला जोडायची पद्धत होती. दिव्याच्या बल्बला वीज कुठून येते याचा फरक पडत नाही, पण नवा ऑल्टरनेटर आणि ईसीएम उलट जोडले तर क्षणात जातात. म्हणून डायनेमो आणि त्याचा कंट्रोल बॉक्स काढून अख्खी गाडी निगेटिव्ह अर्थ केली. तीन आठवडे मी एकेक वायर कागदावर उतरवत होतो. पॉझिटिव्ह-निगेटिव्हची भीती डोक्यात इतकी बसली होती की बॅटरी जोडायच्या आधी दोघांनी मिळून सगळी जोडणी तीनदा तपासली.

जे जोडलं होतं ते आम्ही तपासलं. जे जोडायचं राहिलं होतं ते कागदावरच नव्हतं.

जुन्या इंजिनाला बॉडीशी जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी होती, जुन्या गिअरबॉक्सच्या बोल्टखाली. वीतभर लांब. गिअरबॉक्स उतरवला त्या दिवशी मीच ती काढून भिंतीवरच्या खिळ्याला लटकवली होती. आता इंजिन नव्या रबरांवर, गिअरबॉक्सही रबरावर, सायलेन्सर रबरी कड्यांवर. म्हणजे इंजिन बॉडीपासून वेगळं तरंगत होतं. सेल्फला शंभराहून जास्त अँपिअर लागतात. ते बॅटरीतून जाड वायरीने इंजिनापर्यंत गेले आणि परतायला वाट शोधू लागले. त्यांना सापडली रेसची तार. थोडा प्रवाह प्रॉपेलर शाफ्ट, हौसिंग आणि हँडब्रेकच्या केबलमधूनही गेला असणार.

एवढंच असतं तर मी एक केबल बदलून मोकळा झालो असतो. भीती वेगळीच होती. ईसीएमच्या अर्थच्या वायरी मूळ गाडीप्रमाणे इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या होत्या, आणि त्याची पेटी बॉडीला. परतीची वाट शोधणारा प्रवाह त्यातूनही गेला असेल तर? किल्लीच्या चिपशी जुळलेला तो एकच ईसीएम होता. दुसरा आणायचा म्हणजे किल्ली, जुळवणी, सगळं नव्याने. काकांनी वेगळे काढून ठेवलेले पैसे संपत आले होते, हे मला माहीत होतं.

मुलगा म्हणाला, "दादा, पट्टी लावून बघू या ना लगेच."

मी नाही म्हणालो. अंदाजाने लावून चालू केलं आणि चाललं, तर बिघाड नक्की तोच होता हे कधीच कळलं नसतं. ईसीएमचा सॉकेट काढला, जळकी केबल सोडवली. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर. मुलाने अर्धा सेकंद सेल्फ मारला. सेल्फ फिरताना तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. मीटरने ८ दाखवले. बॅटरीच्या बारापैकी आठ व्होल्ट परतीच्या वाटेवरच संपत होते.

मग खिळ्यावरची पट्टी काढली. ती काळी पडलेली, टोकाशी तुटत आलेली, म्हणून ती वापरली नाही. अपघातातल्या गाडीची जाड पट्टी भंगाराच्या पेटीत होती. बोल्टखालचा रंग घासून चकचकीत धातू काढला, पट्टी कसली आणि दुसरी एक पट्टी गिअरबॉक्सपासून बॉडीला टाकली. पुन्हा मीटर, पुन्हा सेल्फ. या वेळी इंजिन झरझर फिरलं. ०.२ व्होल्ट.

तेवढ्यात काका आले. वेळेच्या अर्धा तास आधी, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांच्या नाकाला वास लागलाच. "काय जळलं रे?"

मी सगळं सांगितलं. पट्टी माझ्या हातून राहिली हे सांगितलं, ईसीएम गेला असू शकतो हेही, आणि गेला असला तर तो खर्च माझा, हेही. ते काही बोलले नाहीत. गाडीभोवती एक चक्कर मारली, मडगार्डवर हात ठेवला. "बॉडीला काही नाही ना झालं?" एवढंच विचारलं. मी नाही म्हटल्यावर स्टूल ओढून बसले. "मग कर सावकाश. मला कुठे जायचंय?"

केबल अपघातातल्या गाडीतलीच होती, तशी दुसरी मिळवायला वेळ नव्हता. मुलाने वाकून, घाम पुसत, दुसऱ्या एका भंगारातल्या तारेपासून योग्य लांबीची तयार केली. तिची टोकं मी स्वतः डाय मारून पक्की केली. परतणारी स्प्रिंग वीसेक वेळा ओढून सोडून बघितली. रेस अडकली तर काय होतं हे मला सांगावं लागत नाही. तरी ही तात्पुरतीच, दोन दिवसांत नवी बसेपर्यंत गाडी आवाराबाहेर न्यायची नाही, असं काकांना तिथेच बजावलं.

मग ईसीएमचा सॉकेट बसवला. कटऑफ चालू केला. किल्ली फिरवली.

डॅशबोर्डच्या कडेला लावलेला पिवळा चेक लाइट पेटला. मागून पंपाचा बारीक घूं असा आवाज आला, दोन सेकंद टिकला आणि थांबला. ईसीएम जिवंत होता. पंप चालू करून दाब भरला की स्वतःच बंद करणं हे त्याचं काम, दुसऱ्या कुणाचं नाही. मुलाने माझा दंड इतका घट्ट धरला होता की त्याच्या बोटांचे वळ उठले.

काका मात्र मान कलती करून ऐकत होते. "टिकटिक नाही आली," ते म्हणाले. जुन्या मायनरमध्ये किल्ली फिरवली की फायरवॉलवरचा पंप टिकटिक करायचा. कार्ब्युरेटर भरला की थांबायचा. लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या ती टिकटिक ऐकू आली की वडील कामाला निघाले हे त्यांना कळायचं.

यावर मी काय बोलणार? आवाज मला परत आणता येणार नव्हता. जुनं इंजिन तेल लावून लाकडी पेटीत ठेवलंय, पत्रा कापलेला नाही, उद्या कुणाला वाटलं तर सगळं परत लावता येईल, एवढंच सांगितलं. त्यांना ते माहीत होतं. तरी मान हलवली.

"तुम्हीच लावा," मी दार उघडून म्हटलं.

ते बसले. किल्ली फिरवली, पंप थांबेपर्यंत थांबले, चोकची दांडी ओढली आणि मग शेजारची सेल्फची दांडी. ती दांडी जुनीच ठेवली होती, फक्त तिच्या मागे छोटा स्विच लावून नव्या सेल्फचा रिले चालवला होता. इंजिन पहिल्याच फटक्यात लागलं. एकदा वर गेलं, खाली आलं आणि संथ चालत राहिलं. ऑल्टरनेटरचा दिवा विझला. मी बोनेटखाली वाकून पट्टीवर हात ठेवला. थंड होती.

पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत, कूलंटमधली सगळी हवा बाहेर पडेपर्यंत आम्ही गाडी जागेवरच चालवली. मग काकांनी ती आवारात फिरवली, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, चार चकरा. प्रत्येक वळणावर पहिल्या गिअरमध्ये येताना ते क्लच दोनदा दाबत होते, मध्ये हलकीशी रेस देत होते. जुन्या बॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअरांचा वेग आपोआप जुळवणारा भाग, नव्हता, तिथे हे करावंच लागायचं. नव्यात गरज नाही. मी सांगितलं नाही.

गाडी उभी करून ते उतरले तेव्हा मुलगा आत डोकावून म्हणाला, "काका, चोकची ही दांडी कशालाच जोडलेली नाही. काढून टाकू का? भोक बुजवून देतो, कळणारही नाही."

"राहू दे," काका म्हणाले. "हात जातोच तिकडे."