पाठलागात बोलायचे कोणी?

मी हौशी रेडिओचा, म्हणजे छंद म्हणून वायरलेसवर बोलण्याचा, परवानाधारक आहे. पोलिसांचे संदेश ऐकण्याची मुभा त्या परवान्यात नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र लहरींचे नियम सर्वांना सारखेच असल्यामुळे, पळणाऱ्या गाडीच्या पाठलागात वायरलेसवर नेमके काय अवघड जात असेल, याचा अंदाज मला बांधता येतो.

साध्या वायरलेस चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. दोघांनी एकदम बटण दाबले, तर एफएम पद्धतीत बहुधा ज्याची लहर अधिक जोरकस त्याचाच आवाज ऐकू येतो आणि दुसऱ्याचा दबून जातो. आपले बोलणे कोणाच्या कानी पडलेच नाही, हे त्या दुसऱ्याला मात्र समजत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी ५ सेकंदांत सुमारे १४० मीटर पुढे निघून जाते, आणि फाटा चुकायला तेवढे अंतर पुरते.

म्हणूनच परदेशांतील अनेक पोलीस दलांत, दुसरी गाडी पाठलागात सामील झाली की वायरलेसवरचे बोलणे तिच्याकडे सोपवतात. पुढच्या गाडीला जास्त दिसते हे खरे. पण त्या वेगात चालवणे हेच पूर्ण काम आहे.

आपल्याकडे कोल्हापुरात तावडे हॉटेलपाशी महामार्गाला लागलेली गाडी उत्तरेला पंचगंगा ओलांडून शिरोलीला गेली, तर पुढे सरळ किणीकडे किंवा उजवीकडे सांगलीकडे जाऊ शकते. दक्षिणेला गेली, तर उचगाव, गोकुळ शिरगाव, कागल आणि मग कर्नाटक. अशा वेळी नुसते ‘उजवीकडे वळली’ हे नाकाबंदी लावणाऱ्याच्या काहीच कामाचे नाही. ‘शिरोली फाट्यावरून सांगली रस्त्याला’ असे सांगितले, तरच कोणता रस्ता अडवायचा हे त्याला कळते. (पश्चिमेला गगनबावड्याकडे डोंगरच लहर अडवतात, तिथे उंचावरच्या रिपीटरवर, म्हणजे संदेश पकडून पुन्हा पुढे पाठवणाऱ्या यंत्रावर, भिस्त.)

कागलच्या पुढचा पेच निराळा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४५ नुसार, ज्या व्यक्तीला वॉरंटविना अटक करण्याचा अधिकार पोलीस अधिकाऱ्याला आहे, तिच्या मागावर तो देशात कुठेही जाऊ शकतो. परंतु सीमेपलीकडचे पोलीस दल आणि नियंत्रण कक्ष वेगळे असल्याने निरोप एका कक्षाने दुसऱ्याला द्यावा लागतो. कर्नाटकातली निपाणी इतकी जवळ आहे, की गाडी गोकुळ शिरगावात असतानाच तो निरोप गेला पाहिजे, असे माझे मत आहे.