दोन आठवडे ताट बदललं तर आतड्यात काय होतं

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा विषय निघाला की 'आमच्या घराण्यात कुणाला नाही' म्हणून लोक मोकळे होतात. जीन्स आईबापाकडून येतात हे खरंच, पण त्यातले कुठले चालू राहणार आणि कुठले गप्प बसणार यात रोजच्या जेवणाचाही हात असतो.

मला यातला सगळ्यात भारी वाटलेला प्रयोग २०१५ मध्ये छापून आला. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या स्टीफन ओ'कीफ यांच्या टीमने तिथले २० आफ्रिकन अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नातालचे २० गावकरी घेतले आणि दोन आठवडे त्यांचं जेवणच अदलाबदल केलं. पिट्सबर्गवाल्यांना मका, कडधान्यं, भाज्या, म्हणजे फायबर रोज १४ ग्रॅमवरून थेट ५५ वर, आणि गावकऱ्यांना सॉसेज, बर्गर, फ्रेंच फ्राईज, त्यांचं फायबर ६६ वरून १२ वर आलं (बिचारे!). आधी आणि नंतर कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने मोठ्या आतड्याची तपासणी. तर पिट्सबर्गवाल्यांच्या आतड्यातली सूज कमी झाली, अस्तराच्या पेशींची भराभर वाढ मंदावली, आतड्यातलं ब्युटिरेट नावाचं आम्ल अडीच पट झालं आणि गावकऱ्यांचं सगळं नेमकं उलटं, ब्युटिरेट निम्म्यावर. फक्त दोन आठवड्यांत!

हे ब्युटिरेट बनवतात आतड्यातले बॅक्टेरिया, आपल्याला न पचलेलं फायबर आंबवून. निरोगी पेशी ते इंधन म्हणून जाळून टाकतात. कॅन्सरच्या पेशींचा ओढा मात्र ग्लुकोजकडे, त्यामुळे ब्युटिरेट तसंच उरतं आणि पेशीच्या केंद्रकात पोचतं. तिथे डीएनए हिस्टोन नावाच्या प्रोटीनवर रिळावरच्या दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो, आणि एचडॅक नावाची एन्झाइम्स ही गुंडाळी घट्ट ठेवतात. ब्युटिरेट त्यांनाच अडवतं, मग गुंडाळी सैल पडते आणि पी२१ सारखा पेशीच्या वाढीला ब्रेक लावणारा जीन वाचला जातो, म्हणजे चालू होतो. डीएनएचं एक अक्षरही न बदलता.

पण म्हणून 'फायबर खा, कॅन्सर पळवा' असे फॉरवर्ड पाठवू नका प्लीज. दोन आठवड्यांत बदलल्या त्या धोक्याच्या खुणा, कुणाचा कॅन्सर टळला असं नाही. लिंच सिंड्रोम, म्हणजे आनुवंशिकतेनेच आतड्याच्या कॅन्सरचा धोका जास्त असलेल्या ९०० हून जास्त लोकांवर कॅप२ ट्रायल झाली, त्यात काहींना रोज ३० ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च (लहान आतड्यात न पचणारा, फायबरसारखं काम करणारा स्टार्च) दिला आणि पुढे कित्येक वर्षं लक्ष ठेवलं. २०२२ मध्ये निकाल आला तर आतड्याच्या कॅन्सरवर काहीच फरक नाही, पण जठर, स्वादुपिंड वगैरे इतर ठिकाणचे कॅन्सर मात्र जवळपास निम्मेच! का, ते अजून नीट उलगडलेलं नाही.

हा स्टार्च कच्च्या केळ्यात भरपूर असतो, आणि भात शिजवून गार केला की त्यातही थोडा वाढतो. फोडणीच्या भाताला नाकं मुरडणाऱ्यांना हे जरूर सांगा, फक्त रात्रीचा भात फ्रीजमध्ये ठेवा, ओट्यावर नको.