तुम्ही विचारलंत म्हणून: ७१ नंबरच्या गाडीबद्दल

जेवण झालं की पाहुणे हात पुसत दिवाणखान्यात येतात आणि भिंतीवरच्या एका फोटोपाशी थांबतात. फोटोत रेसिंगची गाडी आहे, दारावर मोठ्ठा ७१. "हा कोण?" मी सांगतो, डेव्ह मार्सिस. पुढचे प्रश्न ठरलेले. चॅम्पियन होता का? नव्हता. किती शर्यती जिंकल्या? पाच. कितीपैकी? ८८३. गेल्या दिवाळीत भाच्याने सरळच विचारलं, "मामा, मग याचा फोटो कशाला लावलास?" तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. ते आता देतो.

मी १९९७ साली नोकरीसाठी नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला आलो. आपल्याकडे जसं क्रिकेट, तसं इथे स्टॉक कार रेसिंग. दिसायला साध्या सेडानसारखी गाडी, आत मात्र लोखंडी पाइपांचा पिंजरा आणि व्ही-८ इंजिन. लंबवर्तुळाकार ट्रॅकवर चाळीसेक गाड्या एकमेकींना चिकटून तीन-चार तास धावतात. १९४८ साली नॅसकार ही संघटना स्थापन झाली आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गावोगावच्या मातीच्या ट्रॅकवरचा हा खेळ एका छत्राखाली आला. रिचर्ड पेटी, डेल अर्नहार्ट ही नावं इथे लहान पोरांनाही पाठ असतात.

मार्सिस मूळचा विस्कॉन्सिनमधल्या वॉसॉचा, म्हणजे बर्फाच्या मुलखातला. १९६८ साली तो पहिल्यांदा डेटोना ५०० ला उतरला. डेटोना ५०० म्हणजे फ्लोरिडातली ५०० मैलांची, या खेळातली सगळ्यात मानाची शर्यत. त्यानंतर १९९९ पर्यंत एकही वर्ष चुकलं नाही, सलग ३२ वेळा.

त्याच्या बुटांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मला तो माणूस पहिल्यांदा कळला तो बुटांवरून. रेसिंगचे बूट पातळ असतात, पॅडल पायाला जाणवावं म्हणून. पण या गाड्यांची जमीन भयंकर तापते. खालून एक्झॉस्ट जातो, समोर इंजिन, आणि गाडीत एसी वगैरे काही नसतं. टाचा भाजून फोड येणं ही ड्रायव्हरांची जुनी तक्रार. मार्सिस गाडी चालवायचा ती विंगटिप घालून. विंगटिप म्हणजे बँकेतले साहेब घालतात तसले, नक्षीच्या भोकांचे, फितीचे चामडी बूट. त्यांचा तळवा जाड चामड्याचा असल्यामुळे पायाला चटका बसत नाही, एवढंच साधं कारण. बाकी सगळे ड्रायव्हर खास बनवलेल्या बुटांवर गेले तरी हा शेवटपर्यंत त्याच बुटांत राहिला. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभे राहायचे तेव्हा त्यांच्या पायात सायकलच्या टायरचा तळवा लावून घेतलेली चप्पल असायची. गरम कीस उडून पायाखाली आला तरी ती जळायची नाही. चांगले बूट घ्या म्हणून आम्ही किती वर्षं मागे लागलो होतो. मार्सिसचे बूट पाहिले आणि मला ती चप्पल आठवली.

त्याचेही चांगले दिवस होतेच. १९७५ आणि ७६ साली तो एका विमा कंपनीच्या नावाच्या डॉजमध्ये होता, हॅरी हाइडसारखा जाणता क्रू चीफ, म्हणजे गाडी तयार करणाऱ्या मेकॅनिकांचा म्होरक्या, पाठीशी होता. १९७५ साली मार्टिन्सव्हिलला पहिला विजय मिळाला. तिथे विजेत्याला चषकाच्या जागी माणसाहून उंच लंबकाचं घड्याळ देतात. त्या वर्षी हंगामाच्या गुणतक्त्यात तो दुसरा आला, पहिला रिचर्ड पेटी. पुढच्या वर्षी आणखी तीन विजय, त्यातला एक टॅलाडेगाचा. म्हणजे चांगली गाडी हाताशी असली की हा माणूस कुणालाही हरवू शकत होता. 'हौशी होता, भाग घ्यायचा' असं कुणी म्हटलं की मला राग येतो तो यासाठी.

भाच्याला खरं सांगायचं होतं ते १९७८ बद्दल. त्या वर्षी मार्सिस रॉड ऑस्टरलुंडच्या टीमसाठी चालवत होता. मालक पैसे घालायला तयार, गाडी बरी, सगळा हंगाम चांगला गेला. हंगाम संपला आणि मार्सिसने ती जागा सोडली. त्याला स्वतःची टीम करायची होती. स्वतःची गाडी, स्वतःचं गॅरेज. रिकाम्या जागेवर ऑस्टरलुंडने एका पोराला घेतलं, डेल अर्नहार्ट त्याचं नाव. १९७९ साली तो वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला, १९८० साली चॅम्पियन. पुढे एकूण सात वेळा.

हे ऐकलं की पाहुणे हळहळतात. "अरेरे, थांबला असता तर!" मला हे अरेरे लहानपणापासून ओळखीचं आहे. वडिलांनी एका मोठ्या कारखान्यातली कायमची नोकरी सोडून जुना लेथ विकत घेतला, तेव्हा घरी येणारा प्रत्येक जण हेच म्हणायचा. त्यांच्या जागेवर आलेला माणूस पुढे फोरमन झाला, त्याने बंगला बांधला. आम्ही मात्र दोन खोल्यांत राहिलो. पण कुठलं जॉबवर्क घ्यायचं, कुठलं परत पाठवायचं हे वडील ठरवायचे, आणि रात्री कितीही दमले असले तरी शॉपचं कुलूप स्वतःच्या हाताने लावायचे. किल्ली दुसऱ्याकडे द्यायचे नाहीत. मार्सिसच्या मनात काय होतं याचा दाखला मी देऊ शकत नाही. वडिलांच्या मनात काय होतं ते मात्र मी पाहिलंय, आणि त्यावरून मला मार्सिस समजतो.

अशा स्वतंत्र माणसाचं त्या काळी चालायचं कसं? बक्षिसाची रक्कम शेवटच्या क्रमांकापर्यंत सगळ्यांना मिळायची, वर जास्त आणि खाली कमी. पण ती मिळायला आधी शर्यतीत जागा मिळवावी लागायची. पात्रता फेरीत वेळ कमी पडली तर ट्रकमध्ये गाडी चढवायची आणि घरी जायचं, टायरचे आणि डिझेलचे पैसे अंगावर. मोठ्या टीमकडे इंजिन बनवणारा वेगळा विभाग असायचा. छोटा माणूस त्यांनी बाजूला ठेवलेली गाडी, थोडे वापरलेले टायर विकत घ्यायचा, त्यावर घासूनपुसून काम करायचा. अपघात झाला तर हरल्यापेक्षा जास्त दुःख पत्र्याचं व्हायचं. म्हणून तो सांभाळून चालवायचा. म्हणून जिंकत नसे. पण पुढच्या रविवारी पुन्हा हजर असायचा.

शार्लटला आल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. मी पात्रता फेरी बघायला गेलो होतो, तिकीट स्वस्त म्हणून. स्टँड बहुतेक रिकामा. एकेक गाडी एकटी येते, घड्याळाशी झुंजते आणि जाते. नावाजलेल्या गाड्या आल्या की लोक उभे राहायचे. ७१ आली तेव्हा माझ्या पुढच्या बाकावरचे एक आजोबा टोपी काढून उभे राहिले. बाकी कुणीच नाही. गाडी चोवीस अंशांच्या उतारावरून खाली आली, इंजिनाचा आवाज इतरांपेक्षा थोडा मऊ वाटला मला, आणि आजोबा गाडी दिसेनाशी होईपर्यंत तसेच उभे. त्या संध्याकाळपासून मी ७१ चा.

पाचवा विजय राहिलाच. फेब्रुवारी १९८२, रिचमंड, ४०० फेऱ्यांची शर्यत. पिवळा झेंडा लागला, म्हणजे सगळ्यांनी वेग कमी करायचा, कुणी कुणाला मागे टाकायचं नाही. आभाळ दाटलेलं. पुढच्या गाड्या टायर-पेट्रोलसाठी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, वळल्या. मार्सिस वळला नाही, ट्रॅकवरच राहिला आणि पहिला झाला. पाऊस आला. २५० व्या फेरीला शर्यत संपवली आणि ७१ विजयी. लोक याला नशीब म्हणतात. वर बघून पाऊस येणार हे ओळखणं आणि त्यावर डाव लावणं शेतकऱ्याला जमलं तर आपण त्याला जाणता म्हणतो. मीही तेच म्हणतो. मालक तो, ड्रायव्हर तो, गाडी त्याची. त्यानंतर वीस वर्षं विजय नाही.

हे सगळं गोड होतं असं भाच्याला वाटू नये. जे. डी. मॅकडफी हा याच पठडीतला आणखी एक माणूस, नंबर ७०. ६५३ शर्यती, विजय शून्य. ऑगस्ट १९९१ मध्ये वॉटकिन्स ग्लेनला पाचव्या फेरीत गाडीचं चाक निखळलं आणि तो तिथेच गेला. वय ५२. त्याचं नाव घेताना माझा आवाज आजही खाली येतो.

मार्सिसचं गॅरेज ॲशव्हिलजवळ डोंगरात होतं. तिथून तो आपली टीम चालवायचा आणि शिवाय रिचर्ड चिल्ड्रेसच्या टीमसाठी गाड्यांची चाचणीही करायचा. म्हणजे अर्नहार्टच्या टीमसाठी. आपण सोडलेल्या जागेवरून मोठ्या झालेल्या माणसाच्या गाड्या हा ट्रॅकवर फिरवून बघायचा, काय बिघडलंय ते सांगायचा. दोघांची चांगली दोस्ती होती. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाच्या शेवटच्या फेरीत अपघातात अर्नहार्ट गेला.

दोन वर्षं हुकलेली डेटोना ५०० मार्सिसने २००२ साली पुन्हा गाठली, तेहेतिसाव्यांदा. एकसष्टाव्या वाढदिवसाला दोन आठवडे बाकी होते. मी घरी टीव्हीसमोर होतो. शर्यत अर्ध्यावरही आली नव्हती तेव्हा इंजिन गेलं. त्यानंतर तो कधी शर्यतीत उतरला नाही. पुढच्या सुट्टीत कोल्हापूरला गेलो तेव्हा हा फोटो बरोबर नेला होता. वडिलांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. जिंकला का, किती जिंकला, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "गाडी स्वतःची होती का रे त्याची?"