दाजींच्या मळ्यात पडणारा एमसीबी

संभाजीनगरहून सकाळच्या एसटीनं निघालो. शहागडला गोदावरी ओलांडली, बीडला गाडी बदलली आणि मांजरसुंबा, नेकनूर करत केजला उतरलो. दाजी मोटारसायकल घेऊन थांबलेले होते. मळ्यापर्यंत विजेचे खांब आलेले नाहीत, त्यामुळे घर पूर्ण सोलरवर चालतं. ४८ व्होल्टची बॅटरी बँक, ३ केव्हीएचा इन्व्हर्टर आणि दोघांच्या मधे ६३ अँपिअरचा डीसी एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप खाली पडून वीज तोडणारा स्विच. तोच रोज दुपारी पडत होता. ताईनं घरघंटी लावली की वीस-पंचवीस मिनिटांत सगळं घर बंद.

"वायरमन म्हणतोय, १०० चा टाका अन् मोकळे व्हा," दाजी म्हणाले. मी हात जोडले. केबल १६ स्क्वेअर एमएमची. १०० चा एमसीबी टाकला असता तर तो पडला नसता, पण केबल जळेपर्यंत कुणाला कळलंही नसतं. एमसीबी वायरीला जपण्यासाठी असतो.

मी आधी एकच विचारलं, लगेच पडतो की वेळानं? बटण दाबताक्षणी पडला तर शॉर्ट किंवा मोटर सुरू होतानाचा झटका. वीस मिनिटांनी पडला तर आतली पट्टी तापून वाकते. म्हणजे लोड जास्त, नाहीतर बाहेरून उष्णता. वायरीभोवती पकडून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला तर घरघंटी, फ्रिज, पंखे धरून ४४ अँपिअर. म्हणजे लोड जास्त नव्हता. (मीटर घेताना डीसी करंट मोजणाराच घ्या, साधा क्लॅम्प फक्त एसी दाखवतो.)

मग टेम्परेचर गन धरली. एमसीबीच्या एका बाजूला ५४ अंश, दुसऱ्या बाजूला ९१! सोलर बंद, इन्व्हर्टर बंद, बॅटरीची मायनस सोडवली आणि मगच पेचकस लावला. स्क्रू अर्धा फेरा सहज फिरला. केबलचे नुसते तंतू पिळून आत कोंबलेले, टोक काळं पडलेलं, इन्सुलेशन बोटभर कडक झालेलं. त्यात डबा पश्चिमेच्या पत्र्यावर, मे महिन्याच्या उन्हात. एमसीबीवरचा आकडा साधारण ३० अंश तापमानासाठी असतो. डबा तापला की तो आकड्याच्या आधीच पडतो.

काळं टोक कापलं, तंतूंवर पिन थिंबल (टोकाला बसवायची धातूची टोपी) दाबलं, तापून गेलेला एमसीबी बदलला आणि डबा ओसरीत सावलीला घेतला. आठ दिवसांनी स्क्रू पुन्हा आवळायला सांगितलंय.

संध्याकाळी पडत असेल तर आणखी एक गोष्ट बघा. बॅटरी उतरली की तेवढ्याच वॅटसाठी इन्व्हर्टर जास्त अँपिअर ओढतो. इन्व्हर्टरमधली घट धरून २४०० वॅटला ५२ व्होल्टवर साधारण ५१ अँपिअर लागतात, ४४ व्होल्टवर ६० च्या वर जातात.

आरसीसीबीही, म्हणजे करंट जमिनीत गळाला की वीज तोडणारा स्विच, अधूनमधून पडायचा. सगळे एमसीबी खाली करूनही तो उभा राहीना. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल तोडत नाही, त्यामुळे न्यूट्रल एकेक सोडवून बघावे लागले. गोठ्याच्या बल्बचा जोड सापडला, टेप सुटून ओल्या भिंतीला टेकलेला. दाजींनी मधे आरसीसीबी बायपास करायचं ठरवलं होतं. त्याच भिंतीला बैलं बांधतात, पोरं खेळतात. कृपा करून कुणीही असं करू नका.

येताना डीसी एमसीबी, थिंबल आणि क्रिंपिंगचा पाना शहरातूनच आणा, तालुक्याला मिळेलच असं नाही. डीसीच्या जागी एसीचा एमसीबी बसवू नका, डीसीची ठिणगी त्यात विझत नाही. प्लस-मायनसची खूण असेल तर ती पाळा.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी घरघंटी चाळीस मिनिटं चालली. दोन्ही बाजूंना जवळपास सारखंच तापमान. निघताना ताईनं त्याच दळणातलं ज्वारीचं पीठ बांधून दिलं.