पाच फोटो आणि नांदूर मध्यमेश्वरची थंडी

माणशी फक्त पाच फोटो दाखवायचे, आणि प्रत्येक फोटोत पक्षी काय करतोय ते सांगायचं. आमच्या नाशिकच्या पक्षी बघणाऱ्या मंडळाच्या वार्षिक संमेलनाचा नियम म्हणाल तर एवढाच. हारतुरे नाहीत, अध्यक्षांचं भाषण नाही. जानेवारीतला एक रविवार ठरवायचा, शनिवारी रात्री निफाडकडे कुणाच्या तरी मळ्यात मुक्काम टाकायचा, पहाटे चापडगावच्या बाजूने नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात शिरायचं, आणि संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून फोटो बघायचे. बस. दिवाळीपेक्षा जास्त वाट मी त्या रविवारची बघायचो, आजही बघतो.

निफाडची थंडी ज्यांनी अंगावर घेतलीय त्यांना वेगळं सांगायला नको. राज्यात सगळ्यात कमी तापमान म्हणून पेपरात दर हिवाळ्यात निफाडचं नाव येतं ते उगाच नाही. रात्री द्राक्षबागांमधून शेकोट्या पेटलेल्या असायच्या, मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी रात्रभर जागा, आणि आमची गाडी त्या धुराच्या वासातून जायची. सकाळी मेटलचा ट्रायपॉड हातात धरवायचा नाही, म्हणून मंडळातल्या एक मावशी सगळ्यांसाठी लेन्स टेकवायला घरी शिवलेल्या बीनबॅग आणायच्या, जुन्या जीन्सच्या पायाच्या, आत तांदूळ भरलेल्या. दुकानातल्या महाग बीनबॅगांपेक्षा त्या कितीतरी चांगल्या, लेन्स त्यात अशी रुतून बसायची की हलायचं नाव नाही.

जागेबद्दल थोडं सांगतो, कारण सगळं त्या जागेमुळेच आहे. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, कालव्यांना पाणी द्यायला. नद्यांनी वर्षानुवर्षं गाळ आणून टाकला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या, आणि बंधाऱ्याच्या दृष्टीने जे नुकसान तेच बदकांना मानवलं. 1986 मध्ये अभयारण्य झालं आणि 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झालं. ती बातमी आली तेव्हा आमच्या ग्रुपवर जे काय पेढ्यांचे फोटो पडले विचारू नका.

पाण्याचं गणित मात्र दरवर्षी वेगळं असतं. आवर्तन सुटलं, म्हणजे कालव्यांना पाणी सोडलं, की पातळी बदलते. पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो आणि शेकाटे, तुतवार असे चिखलात चरणारे पक्षी कडेला येतात, पाणी भरलेलं असलं की ते दिसेनासे होतात आणि मग बदकांवरच लक्ष ठेवायचं. म्हणून गेल्यागेल्या आधी तिथल्या गावातल्या गाईड पोरांना विचारायचं, पाणी कसं आहे. ही पोरं फार तयार आहेत. नुसत्या डोळ्यांनी लांबवरच्या थव्यातून गडवाल बदक कुठलं आणि पिनटेल कुठलं ते सांगतात, आपण दुर्बीण लावून खात्री करेपर्यंत त्यांचं पुढचं नाव तयार.

फोटो काढायचं खरं शिक्षण मला बँकेतल्या काकांनी दिलं. ते रोलच्या जमान्यातले, छत्तीस फोटोंत अख्खी सकाळ भागवायची सवय असलेले, त्यामुळे बटण दाबायच्या आधी ते इतका वेळ बघत बसायचे की शेजारच्याला वाटावं कॅमेरा बंद पडला. ऊन पाठीवर घे हे तर कुणीही सांगतं. काका सांगायचे वारासुद्धा पाठीवर घे, कारण पक्षी वाऱ्याच्या तोंडावर उडतो, म्हणजे उडताना तुझ्याकडे तोंड करून उडेल. आणि बदकांच्या माना बघ. चरताना खाली असतात, उडायच्या आधी सगळ्यांच्या माना वर येतात, झटके देतात, तेव्हा तयार रहा. चमचे, म्हणजे स्पूनबिल, पांढरेशुभ्र आणि मागे काळं पाणी, तिथे एक्सपोजर थोडं खाली आण नाहीतर पिसांच्या जागी नुसता पांढरा डाग येईल. हे सगळं मी आजही तसंच्या तसं करतो.

एका वर्षी काकांनी पाचच्या पाच फोटो थापट्यांचे दाखवले. शॉवलर हो, फावड्यासारख्या चोचीचं बदक, जे आपण यादीत टिक करून पुढे जातो. पहिल्या फोटोत दोनचार थापटे चोच पाण्याला लावून पोहताहेत, दुसऱ्यात त्यांनी गोल धरलाय, तिसऱ्यात गोलात अजून बदकं आलीत, प्रत्येकाची चोच पुढच्याच्या शेपटीमागे, आणि सगळे भोवऱ्यासारखे फिरताहेत. फिरल्याने तळाचं बारीक खाद्य वर येतं आणि चोचीच्या कडेला जी कंगव्यासारखी झालर असते तिच्यातून ते गाळून घेतात. चौथा फोटो त्या झालरीचाच, पाण्याचे थेंब लोंबताहेत. पाचव्यात अख्खा गोल फुटलेला, कारण वरून मार्श हॅरियर, शिकारी पक्षी, आली होती. सगळी खोली गप्प. त्या दिवशी आमच्यातल्या कितीतरी जणांकडे फ्लाइट शॉट होते, चक्रवाकाच्या जोड्या होत्या, एकाकडे तर क्रौंचांचा थवा होता, पण बोलणं झालं ते थापट्यांवरच.

शाळेतल्या बाईंची एक शिस्त होती, त्यावर कधी तडजोड नाही. फोटोसाठी पक्षी उडवायचा नाही. दगड नाही, टाळी नाही, चिखलात पुढे घुसणं नाही. बाई म्हणायच्या, हा पाहुणा हिमालयापलीकडून आलाय, परत जायला त्याला अंगात चरबी साठवायचीय, आणि तुझ्या एका फोटोसाठी तू ती जाळायला लावतोस? उडवलेल्या थव्याचा फोटो आमच्यात कधीच दाखवला जात नाही, कितीही भारी असो. मला हा नियम पाच फोटोंच्या नियमापेक्षाही मोठा वाटतो, आणि हल्ली रील बनवायला येणाऱ्यांची घाई बघून तर जास्तच वाटतो.

दुपारी जेवण मळ्यावर. चुलीवरची बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि जमलं तर हुरडा. मग काही जण आडवे, काही जण कार्ड रिकामं करताहेत, पोरं वह्या काढून सकाळची यादी जुळवताहेत. यादीवरून भांडणं व्हायची, हे बदक गार्गनी की कॉमन टील, मग भुवईची पांढरी पट्टी बघून निकाल बाईंकडे.

यंदाही संमेलन जानेवारीतच आहे. नाशिक, निफाड, सिन्नरकडचे कुणी यायचे असतील तर या, मोठी लेन्स नसली तरी चालेल, दुर्बीण असली तर उत्तमच. भडक कपडे नकोत, कानटोपी हवीच, आणि फोटो पाचच आणा.